अठरा वर्षे जपलेला सूक्ष्मदर्शक

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. जुना म्हणजे वयाने. अठरा वर्षांत माझ्या अंगावर एकही ओरखडा उठला नव्हता. मित्रांनो, ही बढाई समजू नका.

माझी भिंगे कारखान्यातल्या एका काकूंनी घासली. त्या काच उजेडासमोर धरायच्या, मान तिरकी करायच्या आणि मनासारखी झाली नाही तर पुन्हा घासायला घ्यायच्या. मला खोक्यात भरताना त्या शेजारणीला म्हणाल्या, की आता हा जन्मभर पोरांच्या हातांनी मळणार. त्या दिवशी माझे वीस भाऊ टेकडीवरच्या मोठ्या शाळेत गेले. मी एकटा टेकडीच्या पायथ्याशी, सरकारी शाळेत आलो.

तिथे चारशे मुले आणि मी एक. मी मोडलो तर दुसरा मिळणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. म्हणून मुख्याध्यापकांनी माझ्यासाठी कपाट रिकामे करवले, कुलूप आणले आणि किल्ली विज्ञानाच्या बाईंकडे दिली. वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी, मला टेबलावर ठेवत. मुलांनी हात मागे बांधून ओळीने माझ्यासमोरून जायचे, अशी पद्धतच पडली. तपासणीचे साहेब दरवर्षी म्हणत, "वा, अगदी नव्यासारखा ठेवलाय." बाईंचा चेहरा खुलायचा. मीही फुगायचो, खोटे कशाला बोलू?

बाई मनाने वाईट नव्हत्या. फळ्यावर माझे चित्र त्या इतके हुबेहूब काढत की मलाच आरशात पाहिल्यासारखे वाटे.

त्यांच्या आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. तिची आई कपड्यांना इस्त्री करायची. टेकडीवरच्या मुलांचे प्रयोगशाळेत घालायचे पांढरे कोट तिच्याकडेच यायचे. त्यातला एक कोट मुलीने एकदा अंगात घालून पाहिला आणि नेमका मैत्रिणींनी बघितला. तेव्हापासून वर्गात तिचे नाव पडले 'डॉक्टरीणबाई'. पण चिडवणाऱ्या मुलीही अडले की तिलाच विचारत. माझे सगळे भाग तिला पाठ होते: नेत्रिका, वस्तुभिंग, मंच, आरसा, मोठा स्क्रू, बारीक स्क्रू. झोपेतून उठवून विचारले तरी तिने घडाघडा सांगितले असते.

त्या वर्षी टेकडीवरच्या शाळेने जाहीर केले, की पायथ्याच्या शाळेतल्या एका मुलाला किंवा मुलीला नववीपासून फुकट शिकवू. लेखी परीक्षेत डॉक्टरीणबाई पहिली आली. दुसरा आला एक मुलगा, ज्याच्या मामाची रक्त तपासण्याची प्रयोगशाळा होती. आता प्रात्यक्षिक उरले होते. टेकडीवरून परीक्षक सर आले. कांद्याचा पापुद्रा माझ्या मंचावर ठेवला गेला. दहा मिनिटांत दिसेल त्याची आकृती काढायची होती.

मुलाने डोळा लावता लावताच स्क्रू फिरवला. मामाकडे सुट्टीभर त्याने हेच केले होते. मग सरांनी सगळे पुन्हा हलवून ठेवले आणि मुलीला बोलावले.

ती आली, आणि तिचे हात आपोआप मागे गेले. तसेच वाकून तिने नेत्रिकेला डोळा लावला. आत एक पांढरा लख्ख गोल होता आणि त्यात काळ्या, वाकलेल्या रेषा. मित्रांनो, त्या तिच्याच पापण्या होत्या. माझे वस्तुभिंग, म्हणजे खालचे भिंग, अजून पापुद्र्यापासून फार लांब होते. स्क्रू फिरव, एवढे मला ओरडून सांगायचे होते. ती मात्र कागदाकडे वळली आणि एकेक केस काढू लागली. बुडाशी जाड, टोकाला निमुळता, जिथे वाकला तिथेच वाकवलेला. इतकी काटेकोर आकृती मी त्या शाळेत दुसरी पाहिली नाही.

सरांना हसू आवरले नाही. "पापण्या काढल्यात हिने. आमच्याकडे पाचवीतली मुलं ही चूक करतात, तीही पहिल्या दिवशी."

बाई हळूच म्हणाल्या, "हिचाही पहिलाच दिवस आहे, सर."

सरांचे हसू ओसरले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा कागदाकडे. मग नियम सगळ्यांना सारखाच आहे असे काहीतरी पुटपुटत त्यांनी गुण लिहिले. जागा मुलाला मिळाली. त्याचा यात काही दोष नव्हता.

निकालानंतर मुलगी बाईंकडे आली. रडली नाही. आपले नेमके काय चुकले, एवढेच तिला हवे होते. बाईंनी कपाट उघडले, पापुद्रा ठेवला आणि तिचा हात धरून माझ्या मोठ्या स्क्रूवर ठेवला.

"फिरव. मोडला तर माझं मी बघून घेईन."

तिने अर्धा वळसा दिला. मग अजून थोडा. पांढऱ्या धुक्यातून विटांच्या भिंतीसारख्या पेशी वर आल्या. ती कितीतरी वेळ पाहत राहिली. डोळा न काढताच तिने विचारले, "बाई, एवढंच होतं?"

बाईंनी त्या दिवशी कपाटाला पुन्हा कुलूप लावले नाही.

आता कपाटाला कुलूप नसते. चारशे मुलांना मी पुरत नाही, पण रोज कुणी ना कुणी माझ्यावर वाकलेले असते. डॉक्टरीणबाई नववीत याच शाळेत आहे. लहान मुलांच्या हाताला धरून स्क्रू फिरवायला तीच शिकवते.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. तेही ऐका. पण कुठल्या शाळेत माझ्यासारखा एकटाच कपाटात दिसला, तर तिथल्या मोठ्या माणसांना एक प्रश्न नक्की विचारा. एकच का?