मधल्या ओळीचा उजेड

यंत्रातून चिठ्ठी बाहेर आली आणि लंकाबाईची चंद्री बैल झाली.

"खिल्लार. वय चार वर्षं. औताला चांगला," भागवतनं चिठ्ठी मोठ्यानं वाचली. भागवत कर्जतकडचा. चंद्रीचा सौदा सकाळीच त्याच्याशी ठरला होता. त्यानं बाभळीला बांधलेल्या म्हशीकडे पाहिलं, म्हशीनंही त्याच्याकडे पाहिलं. चंद्रीचं तिसरं वेत होतं, आणि औताचं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"परत दाब," लंकाबाई खिडकीतून म्हणाली.

ढवळेवाडीच्या जनावरांच्या बाजारात चिठ्ठीशिवाय शेपूटसुद्धा गेटाबाहेर जात नाही. जनावराच्या कानात बिल्ला, बिल्ल्यावर बारा आकडे. खिडकीतला कल्याण ते आकडे हातातल्या यंत्रात दाबतो, की चिठ्ठी बाहेर. कल्याणनं पुन्हा बारा आकडे दाबले.

"शेळी. गाभण," भागवतनं वाचलं.

तिसऱ्या खेपेला चंद्री मयत निघाली.

"मावशे, मला म्हैस पाहिजे, मढं नको," भागवत म्हणाला. "टेम्पोवाला कवाचा भोंगा वाजवतोय. अर्ध्या तासात झालं तर ठीक, न्हाईतर मी दुसरी बघतो. राग मानू नका."

राग मानू नका, हे सांगायला त्यानं जरा उशीर केला होता.

उद्या पहाटे लंकाबाईची टोळी ऊसतोडीला निघायची होती. घरातलं झाडून सगळं माणूस ट्रॅक्टरमध्ये बसणार. मागं चंद्रीला पेंढी टाकायला कुणी उरणार नव्हतं, आणि पुढचा बाजार आठ दिवसांनी. भागवतला घरच्या दुधासाठी म्हैस हवी होती. पलीकडे एक व्यापारी मघापासून उभा होता. चिठ्ठी नसली तरी मागच्या तारेच्या कुंपणातून न्यायची त्याची तयारी होती. तो चंद्रीच्या कासेकडे बघत नव्हता, नुसत्या वजनाकडे बघत होता. लंकाबाईला ते पुरतं कळत होतं.

"काय रं बाबा, तुला आकडं येत न्हाईत का दिसत न्हाईत?"

"येतात, मावशी. दिसत न्हाईत." कल्याणनं यंत्र खिडकीत धरलं.

यंत्राच्या कळा काळ्या रबराच्या. आकडे त्यात असे कोरलेले, की आतून दिवा लागला तरच दिसायचे, नाहीतर भर उन्हात काळ्यावर काळं. आत दिवा एकच, तोही मधल्या ओळीच्या मागं. त्यामुळं चार, पाच, सहा हे मांडवातल्या नवरदेवासारखे उजळलेले, आणि बाकीचे आकडे गरीब पाहुण्यांसारखे अंधारात. आता वरच्या ओळीत एक-दोन-तीन असतात की सात-आठ-नऊ, यावर बाजारात दोन पक्ष होते. मोबाईलवाले म्हणत एक-दोन-तीन. कॅल्क्युलेटरवर हयात गेलेले दुकानदार म्हणत सात-आठ-नऊ. कल्याण स्वभावानं गरीब, कुणाला दुखवत नसे. तो एक आकडा मोबाईलसारखा दाबायचा आणि पुढचा कॅल्क्युलेटरसारखा. मधली ओळ दोन्हींकडे सारखीच असते. म्हणजे उजेडाची गरज जिला मुळीच नव्हती, तेवढ्याच ओळीला तो मिळाला होता. पडदा तडकलेला होता आणि त्यातले आकडे फक्त यंत्र पुरवणाऱ्या ठेकेदाराला दिसत.

"मग तक्रार कर की."

"सतरा केल्यात." कल्याणनं वही दाखवली. प्रत्येक तक्रारीखाली ठेकेदाराच्या माणसाचा शेरा होता: 'दिवा चालू आहे.' त्यात खोटं काहीच नव्हतं. "अठरावी लिहू का?"

"त्या वहीची पेंढी बांध आन् चंद्रीम्होरं टाक. ती तरी खाईल!"

एवढं बोलून लंकाबाईनं खिडकीतून हात घातला आणि यंत्र ओढून घेतलं.

"आवो मावशी! सरकारी हाय ते!"

"सरकारी न्हाई, ठेकेदाराचं हाय. आन् म्हस माझी हाय. जित्ती हाय!"

समोरच रतनबाईचं दुकान. दावी, मोरक्या, घुंगरमाळा आणि बैलांच्या शिंगांना चिकटवायचा चमचमता बेगड.

"रतने, दाभण दे. आन् चंदेरी बेगड दे बोटभर."

"लंके, शिंगं कुणाची मढवतीस?"

"दिसंल त्याची."

लंकाबाई वर्षातले सहा महिने उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत राहते. कोपीत चार्जिंगचा एकच बल्ब. त्याच्या मागं ती बेगड लावते आणि पुढं दुधाच्या पिशवीचा तुकडा. मग भाकरी थापणारीला परात दिसते, आणि कोपऱ्यात निजलेल्या पोराच्या डोळ्यांवर तिरीप येत नाही. एका दिव्यात सगळ्यांना सारखं कसं भागवायचं, हे तिला ठेकेदारानं शिकवायची गरज नव्हती.

यंत्राच्या पाठीवर 'सील तोडू नये' असा कागद होता. दाभणानं आधी तो गेला, मग चार स्क्रू.

"मावशे, शॉक बसंल," भागवत म्हणाला.

"बसू दे. माझा बी त्याला बसंल."

आत तांदळाच्या दाण्याएवढा दिवा, आणि भोवतीच्या भिंती काळ्याकुट्ट. सगळा उजेड त्याच पीत होत्या. लंकाबाईनं बेगडाच्या पट्ट्या कातरून भिंतींना आतून चिकटवल्या, तारांना लागू न देता. दिव्यावर पिशवीचा तुकडा ठेवला. पाठ बसवून बटण दाबलं.

बाराच्या बारा कळा उजळल्या. कुणी जास्त नाही, कुणी कमी नाही. वरच्या ओळीत सात-आठ-नऊ होते. बाजारभर मोबाईलवाल्यांचे चेहरे उतरले.

"दाब आता," लंकाबाई म्हणाली. कल्याणनं दाबलं.

"म्हैस," भागवतनं वाचलं. "कपाळावर चांद. तिसरं वेत."

त्यानं रतनबाईकडून नवं दावं घेतलं. विकलेल्या जनावराचं जुनं दावं घरधनी देत नाही, काढून घेतो. लंकाबाईनं चंद्रीच्या गळ्यातलं दावं सोडलं आणि घट्ट मुठीत धरलं. टेम्पो गेटाबाहेर गेला तेव्हा चंद्रीनं मागं पाहिलं. लंकाबाईनं पाहिलं नाही. तिनं खिडकीकडे पाहिलं, कारण तिथं कल्याण फोनवर नुसता 'व्हय साहेब, व्हय साहेब' करत होता.

"मावशी, ठेकेदाराचा माणूस निघालाय. सील तुटलं म्हनून मशीन घेऊन जानार. तवर आतलं सगळं काढून पहिल्यासारखं करा म्हनतेत."

"पहिल्यासारखं म्हंजी?"

"म्हंजी… मधलीच ओळ."

लंकाबाईला आता घरी जायला हरकत नव्हती. तिचं काम झालं होतं. पण मागं तीसेक माणसांची रांग होती. सगळ्यांत पुढं एक म्हातारा, हातात सकाळची चिठ्ठी. चिठ्ठीप्रमाणं त्याच्या दोन्ही बैलांनी कालच तीन-तीन कोकरं दिली होती.

"इकडं आन ते."

यंत्राच्या मुठीला कडी होती. लंकाबाईनं चंद्रीचं दावं त्या कडीतून ओवलं, खिडकीच्या गजाला तीन वेढे दिले आणि वर उसाच्या मोळीची गाठ मारली. ही गाठ ओढावी तेवढी आवळते. ती सोडवणारी माणसं उद्या पहाटे ट्रॅक्टरमधून निघणार होती.

"तुमचं सगळ्यांचं हुईस्तवर हलू द्यू नगा," तिनं रांगेला सांगितलं, आणि रिकाम्या हातांनी चालू पडली.

दुपारी ठेकेदाराचा माणूस आला. त्यानं गाठ ओढली. रांग बघत होती. त्यानं पुन्हा ओढली. मग त्यानं वही मागितली आणि शेरा लिहिला: 'यंत्र पाहिले. जागेवर पक्के बसविलेले आहे.'