अकरा तुकड्यांची गाय

मित्रांनो, मी एक जुनी गाय आहे. दचकू नका. मी कधी रवंथ केलेला नाही, कुणाला शिंग मारलेलं नाही, आणि दुधाचं म्हणाल तर थेंबभरही नाही. मी फायबरची आहे. उंचीला वासराएवढी, पायांखाली चार चाकं, गळ्यात दोरी. रंग तांबूस-पांढरा होता. आता पांढऱ्याचा पिवळा झाला आहे. जन्म सिंगापूरचा, त्यामुळे भाषा सगळ्याच थोड्या थोड्या येतात. चिनी मी कारखान्यात शिकले, इंग्रजी बाजारात, आणि मराठी बुओना व्हिस्टा भागातल्या एका कॉन्डोत, म्हणजे उंच सोसायटीत, अकराव्या मजल्यावर.

मला घडवलं टॅनकाकांनी. माझ्या नुसत्या पापण्यांवर त्यांनी एक अख्खी दुपार घालवली. रंगवता रंगवता ते माझ्याशी गप्पा मारत. त्यांना वाटे, मी एखाद्या आइस्क्रीमच्या दुकानापुढे उभी राहणार आणि पोरं माझ्या गळ्यात पडून फोटो काढणार. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. मग एके दिवशी ज्यांनी मला मागवलं होतं त्यांचा कागद आला. टॅनकाकांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि करवत घेऊन आले.

"सॉरी आह, गर्ल," म्हणाले.

माझ्या पाठीपोटाचे अकरा तुकडे झाले. आतून त्यांना लालभडक रंग दिला, त्यावर चरबीच्या पांढऱ्या शिरा काढल्या, कडांना लोहचुंबक बसवले आणि प्रत्येक तुकड्यावर इंग्रजीत नाव लिहिलं. मग मला पुन्हा जोडलं. तुकडा ओढला की टक् करून निघायचा, लावला की टक् करून बसायचा. मला वाचता येत नव्हतं. मी समजले, मला काहीतरी दुखणं असेल आणि त्यावर हा उपाय केला असेल.

त्यानंतर माझी दोरी एकताच्या हाती आली. एकता एकोणीस वर्षांची, पॉलिटेक्निकात अन्नतंत्र शिकणारी, आणि बोलायला लागली की समोरच्याने घड्याळ बघायचं विसरावं. दूरदेशीच्या गोमांस विकणाऱ्यांच्या एका संघटनेने तिला आपली तरुण प्रवक्ती नेमलं होतं. गावोगावी जायचं आणि कुठला तुकडा कसा शिजवायचा हे लोकांना सांगायचं, हे तिचं काम. मी तिच्यासोबतची पाटी-पुस्तक.

पहिल्याच दिवशी रॅफल्स प्लेसला, बँकांतली माणसं जेवायला बाहेर पडली तेव्हा, एकताने माझ्या खांद्याचा तुकडा ओढून काढला, उंच धरला आणि हसतमुखाने सांगितलं, "हा मंद आचेवर तीन तास!"

मित्रांनो, तेव्हा मला कळलं की मी कोण आहे. माझ्या चेहऱ्यावर टॅनकाकांनी स्मित रंगवून ठेवलं होतं म्हणून बरं. आत माझी काय अवस्था झाली ते कुणाला दिसलं नाही.

पण कामाची सवय होते. आम्ही खूप हिंडलो. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत शिरताना स्टेशनवरचे काका हमखास अडवायचे, "मिस, ॲनिमल नॉट अलाउड, लाह!" आणि एकता माझ्या पोटावर टकटक करून दाखवायची, "अंकल, फायबर ओन्ली!" सुपरमार्केटांत, शाळांत, एकदा बोटीवरच्या मेजवानीतसुद्धा आम्ही गेलो. लोक टाळ्या वाजवायचे. पोरं माझे तुकडे काढून पुन्हा लावायची शर्यत करायची. लिटिल इंडियात मात्र आम्ही कधी गेलो नाही. गाडी त्या स्टेशनात थांबली की एकता माझ्या डोक्यावर पिशवी ओढायची. कारण विचारायला मला तोंड होतं, पण ते उघडत नव्हतं.

ते कारण एकताच्या घरासमोरच्याच दारात राहत होतं. त्यांचं नाव मधुवंतीकाकू. पुण्याच्या. एकताची आई हिरा प्रयोगशाळेत नोकरीला, म्हणून शाळेतून आलेल्या एकताला काकूंनी आठ वर्षं आपल्या घरी बसवून खाऊ घातलं, मराठी शुद्धलेखन घातलं, तापात कपाळावर घड्या ठेवल्या. काकूंच्या देव्हाऱ्यात गायीची मूर्ती होती. आपल्या कामाविषयी एकता त्यांच्याशी चकार शब्द बोलली नव्हती.

"सांगून टाक," हिरा म्हणायची. "दुसऱ्याच्या तोंडून कळायच्या आत."

"सांगते गं. जरा वेळ बघून."

२००६ सालची दिवाळी आली. बाहेर शेजारच्या देशात पेटलेल्या जंगलांच्या धुराने असा काही पडदा धरला होता की समोरची इमारत दिसेना. एका संध्याकाळी एकता मला घेऊन लिफ्टमधून बाहेर पडली, तर समोर मधुवंतीकाकू! मी पिशवीत होते, नेमकं डोकं बाहेर.

"अगं बाई! गाय!" काकूंनी हातातली कोथिंबीर खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले. "कुणाची गं?"

"कॉलेजचं... प्रोजेक्ट आहे, काकू."

"अगं, उद्या वसुबारस! गाय-वासराची पूजा! दरवर्षी मी देव्हाऱ्यातली चिमुकली मूर्ती मांडून करतेय आणि तू घरात गाय लपवून बसलीयस होय? ते काही नाही. उद्या संध्याकाळी ही माझ्याकडे."

एकताने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मला वाटलं, आता सांगते. तर ती म्हणाली, "काकू, तिला झूल घालाल का? पाठीला जरा... ओरखडे आहेत."

त्या वाक्याचा धक्का मला करवतीपेक्षा कमी नव्हता.

दुसऱ्या दिवशी काकूंनी आपली जुनी जांभळी रेशमी साडी कापून माझी झूल शिवली, मानेपासून शेपटापर्यंत. पाटाभोवती रांगोळी काढली. वासराचा प्रश्न आला, तेव्हा काकूंच्या सात वर्षांच्या जाईने आपला कापडी जिराफ आणून माझ्या पायाशी ठेवला. "ठिपके आहेत ना, मग झालं," असं काकूंनी ठरवून टाकलं. सहा-सात बायका जमल्या. कुणी माझ्या पायांवर पाणी घातलं, कुणी हळदकुंकू लावलं, कुणी गवताऐवजी कोथिंबिरीची जुडी पुढे धरली. नंदा नावाच्या बाईंनी माझ्या कानाशी वाकून मागणं मागितलं, "माय, यंदा तरी आमची पीआर मंजूर होऊ दे, इथे कायमचं राहू दे."

मित्रांनो, मी वर्षभर उभ्या सिंगापुरात मला कसं शिजवायचं ते ऐकलं होतं. कुणी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. कोपऱ्यात एकता उभी होती. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

काकूंनी निरांजन उचललं. आणि जाई, जिला दिसेल ते वाचायचा नाद होता, मग ती लिफ्टमधली सूचना असो की बिस्किटांचा पुडा, ती वासरू सरळ करायला माझ्यामागे वाकली. झूल जरा वर सरकली. जाईला चुंबकाची कड दिसली. तिने ओढलं. टक्!

"मम्मा, पझल, लाह!" तुकडा दोन्ही हातांत धरून ती मोठ्याने वाचू लागली, "रम्प. बेस्ट फॉर स्टेक. थ्री मिनिट्स ईच साइड." मग तिने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "मम्मा... शी इज फूड?"

निरांजनाच्या उजेडात माझी लाल, चरबीच्या रेघांची आतली बाजू सगळ्यांना दिसत होती. नंदाबाई आपल्या कुंकवाच्या बोटांकडे बघत राहिल्या.

"एकता," काकूंचा आवाज अगदी बारीक आला, "हे काय आहे?"

"काकू, प्रोजेक्ट नाही. मी बीफवाल्यांची प्रवक्ती आहे. ही त्यांची गाय."

नेमक्या त्याच वेळी हिरा कामावरून येऊन दारात उभी राहिली होती. तिला पाहूनही नंदाबाईंना राहवलं नाही. "तरीच! यांच्यात चालतंच म्हणा हे सगळं."

'यांच्यात' म्हणजे कुणात, ते खोलीतल्या प्रत्येकीला कळलं. हिराचं घर बौद्ध. ती चप्पल न काढता उंबऱ्यातच थांबली.

"हो, चालतं," हिरा शांतपणे म्हणाली. "खोटं मात्र चालत नाही. त्याची माफी मी मागते. एकता, गाय घे."

मी मधुवंतीकाकूंकडे बघत होते. त्या नंदाबाईंना काहीतरी म्हणतील, असं मला वाटलं. त्या काही म्हणाल्या नाहीत. जाईच्या हातातून त्यांनी तो तुकडा घेतला, फेकला मात्र नाही. खाली बसून माझ्या अंगावर त्याच्या जागी नीट बसवला आणि तळव्याने हलकेच दाबला.

"घेऊन जा," म्हणाल्या. एकताचं नाव घेतलं नाही.

घरी आल्यावर एकताने माझ्या कपाळावरचं कुंकू पुसायला ओला रुमाल घेतला आणि तो हातात तसाच धरून रडत बसली. हिरा तिच्याजवळ बसली.

"आमच्या गावात लोक माझं नाव नंतर विचारायचे," ती म्हणाली. "आधी विचारायचे, तुमच्या ताटात काय असतं. मी शिकले, नोकरीला लागले, तरी किती वर्षं डबा झाकण उभं करून त्याच्या आड खाल्ला. तुझ्यावर ती वेळ नको म्हणून इथवर आले, आणि तू आपण होऊन झूल मागितलीस?"

"आता काकू दार नाही उघडणार, आई."

"कदाचित नाही उघडणार. तरी जाऊन सांग."

दोन दिवसांनी आम्हाला क्वालालंपूरला जायचं होतं. तिथे ईदच्या खरेदीची गर्दी उसळली होती आणि एकताचा तो परदेशातला पहिलाच कार्यक्रम होता. बस नऊची. साडेसातला एकता मला घेऊन बाहेर पडली, लिफ्टपाशी गेली, बटण दाबलं. लिफ्ट आली. लिफ्ट गेली. मग ती वळली आणि तिने समोरच्या दाराची घंटा वाजवली.

लाकडी दार उघडलं, पण लोखंडी जाळीचं बंदच राहिलं. जाळीआड मधुवंतीकाकू. डोळे सुजलेले.

"निघालीस?"

"हो. नऊची बस आहे."

"मग जा. उशीर होईल."

"काकू, मला काहीतरी विचारा ना. काहीही विचारा. यावेळी खरं सांगेन."

काकूंनी जाळी घट्ट धरली. मग म्हणाल्या, "तू स्वतः खातेस?"

मित्रांनो, माझी मान हलत असती तर मी जोरजोरात 'नाही' म्हणून हलवली असती. एक छोटंसं 'नाही', आणि दार उघडलं असतं. नुसती नोकरी आहे, काकू, मी कशाला खातेय! तेवढ्यावर काकू विरघळल्या असत्या.

"खाते," एकता म्हणाली. "आवडतं मला."

आत कुकरची शिट्टी झाली. काकूंचं तिकडे लक्ष नव्हतं.

"ज्या दिवशी माझ्याकडे येऊन जायचीस, त्या दिवशीही?"

"कधी कधी. हो."

"माझ्या चकल्या खाऊन?"

"चकल्या खाऊनसुद्धा."

काकूंनी असा श्वास घेतला की तो हसण्याचा की रडण्याचा, मला आजवर उलगडलेलं नाही.

"मला हे पटत नाही, एकता. उद्याही पटणार नाही. तू कुठेकुठे जाऊन ते तुकडे हातात धरून बोलशील आणि इथे माझा जीव तुटेल. ते काही बदलायचं नाही."

"माहीत आहे."

"आणि त्या दिवशी नंदा तसं बोलली, तेव्हा मी तोंड शिवून बसले. तू खोटं बोललीस म्हणून मी दोन रात्री रडले, असं घरात सांगितलं. पण झोप त्याने उडाली नव्हती." काकूंनी पदराने नाक पुसलं. "तुझी आई आहे घरी?"

"आहे. बोलावू?"

"तिला कशाला बोलावतेस? चुकले मी आणि यायचं तिने?"

जाळीची कडी वाजली. काकू अनवाणीच बाहेर आल्या, आमच्याकडे न बघता तो चार पावलांचा पॅसेज ओलांडून गेल्या आणि हिराच्या दारावर त्यांनी थाप मारली. एकता त्यांच्यामागे धावली. मला बाहेरच विसरली. आतलं सगळं मला ऐकू आलं नाही. आधी दोघींचेही आवाज चढलेले, मग कपबश्यांची किणकिण. नऊची बस आमच्याशिवाय गेली. आम्ही अकराच्या बसने गेलो.

पुढे मी क्वालालंपूर पाहिलं, पेनांग पाहिलं, बँकॉक पाहिलं. मग संघटनेला पडद्यावरची हलती चित्रं आवडू लागली आणि माझं काम संपलं. आता मी एकताच्या बाल्कनीत असते. दोन तुकडे प्रवासात हरवले, तिथून आत पाऊस येतो. मधुवंतीकाकूंना मी अजूनही आवडत नाही. त्या आल्या की माझ्याकडे पाठ करून बसतात. पण येतात, दर रविवारी.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे हात जोडून मागणं आहे, म्हणजे मला हात असते तर जोडले असते. आपल्या माणसाने विचारलं तर पहिल्याच वेळी खरं सांगा. खऱ्यावर झूल शिवत बसू नका. आणि ऐकणारे तुम्ही असाल, तर न पटलेलं न पटलेलंच राहू द्या, पण कडी काढा. माझ्यासारखी जुनी, मोडकी वस्तू कुठे कोपऱ्यात दिसली तर तिला भंगारात टाकायच्या आधी जरा पुसून बघा. तिनेही बरंच सोसलेलं असतं. आणि कधी एकताच्या घरी आलात, तर येताना थेंबभर तेल आणा. माझी चाकं हल्ली फार कुरकुरतात.