बिनआवाजाचे कॉल

मी एक टॅब. अंगात सिमकार्ड घातलं की फोनचंही काम करतो. फोन म्हणावं तर खिशात मावत नाही, टॅब म्हणावं तर तेवढा दम नाही. दुकानात मी स्वस्तातल्या मालात पडून होतो. लोक मला उचलत, उलटसुलट करून बघत आणि नाक मुरडून परत ठेवत.

एके दिवशी मायलेकी आल्या. आई कपडे शिवणारी. बोटांना सुईचे घट्टे. लेक नोकरीसाठी परगावी निघाली होती.

"खरं सांगू का ताई," दुकानदार म्हणाला, "कॅमेरा बेताचाच आहे. आणि आवाज तर अगदीच बारीक."

"आवाज नसला तरी चालेल," लेक म्हणाली. "आईला जन्मापासून ऐकू येत नाही."

दुकानदार ओशाळला. आईचं सिमकार्ड माझ्यात घालून, मला काउंटरवर उभं करून लेक रस्त्यापलीकडे गेली आणि तिथून तिने व्हिडिओ कॉल लावला. तिचे हात हलू लागले. आईच्या जुन्या फोनवर चेहरा दिसला तर हात दिसत नसत. हात दिसावेत म्हणून लेक मागे सरकली, की बोटं मुंगीएवढी व्हायची. माझ्या पडद्यावर मात्र सगळं मावलं. आईचे डोळे भरून आले. सौदा पक्का झाला.

तेव्हापासून रोज दुपारी मी शिलाई मशीनला टेकून उभा राहू लागलो आणि थक्क होत राहिलो. शब्द तोंडातून येतात, एवढंच मला ठाऊक! इथे दहा बोटं हसत होती, टोमणे मारत होती, गिऱ्हाइकांच्या नकला करत होती. आई रुसली की चक्क डोळे मिटून घ्यायची. मग पलीकडून लेकीने हात कितीही नाचवले तरी सगळं फुकट!

एका सकाळी आई पोट धरून खाली बसली. शेजारणीने तिला दवाखान्यात नेलं आणि निघताना मलाही पिशवीत टाकलं. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "कुठे दुखतंय? कधीपासून?" उत्तर येईना तसा त्यांचा आवाज चढत गेला. ऐकू न येणाऱ्या माणसाशी सगळे ओरडून का बोलतात, हे मला अजून उमगलेलं नाही. आईने मला पिशवीतून बाहेर काढलं.

कॉल लागला. मधेच चित्र अडकलं. माझ्या बेताच्या अंगात होतं नव्हतं तेवढं बळ मी एकवटलं, आणि लेकीचे हात पुन्हा हलले. आईने हातांनीच उत्तर दिलं आणि लेकीने ते माझ्या बारीक आवाजातून बोलून सांगितलं.

"डॉक्टर, काल दुपारपासून दुखतंय म्हणते. आधी बेंबीपाशी, आता उजवीकडे खाली."

डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं. "अपेंडिक्स. लगेच ऑपरेशन करावं लागेल."

लेकीने ते हातांनी सांगितलं, तसा आईचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टरीणबाई हळूच माझ्याकडे वळल्या. "'मी आहे' हे हातांनी कसं सांगतात?"

लेकीने दाखवलं. त्या बाईंनी हातमोजे काढले आणि अवघडून, चुकतमाकत ते दोन शब्द केले. आईने त्यांची बोटं नीट लावून दिली, आणि मग ती शांतपणे आत गेली. माणसांचं हे बघून मी स्वतःचं संपत आलेलं चार्जिंगही विसरलो.

आई बरी झाली. आता मीच थकलोय. कोपरा तडकलाय, बॅटरी दोन तासही टिकत नाही. लेक नवा टॅब पाठवणार आहे. पाठवू दे, मला वाईट वाटणार नाही. त्या नव्याला माझं एवढंच सांगणं आहे: बाबा रे, या घरात आवाजाची वाट बघत बसू नकोस. हातांकडे बघ.