पहिला आवाज

शेवटचा टाका घालून सुनेने दोरा दाताने तोडला, आणि तिचा हात आपसूक अस्वलाला उलटे करायला निघाला.

"अंहं!" खिडकीजवळच्या खुर्चीतून सासूबाई कडाडल्या. त्यांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. नजर मात्र शाबूत होती.

"नुसतं बघत होते, आई."

"बघायचं डोळ्यांनी. इतकी वर्षं मुकं राहिलेलं लेकरू पहिल्यांदा तोंड उघडणार, ते काय तुझ्यामाझ्यासमोर?"

बाहुल्या आणि अस्वले दुरुस्त करण्याच्या त्या छोट्याशा दुकानाचा हा एकच कडक नियम होता. बोलणाऱ्या खेळण्याचा पहिला आवाज त्याच्या घरच्यांनीच ऐकायचा. आजवर अशी खेळणी सासूबाई स्वतः पोहोचवत, आणि परत आल्यावर खांद्यावरची पिशवीही न उतरवता दुकानाच्या मध्यभागी उभ्या राहून त्या आवाजाची हुबेहूब नक्कल करत. सून पोट धरधरून हसे. या खेपेला काम सुनेचे होते आणि पोहोचवणेही तिच्याकडेच आले होते.

अस्वल जुने होते. छातीवरची लव झिजून खालचे कापड उघडे पडले होते. ते तसेच राहू द्यायचे, असे दोघींनी एकमताने ठरवले होते. खरे काम पोटातल्या डबीचे. डबीत एक इवलासा भाता, त्यावर शिशाचे वजन आणि खाली पितळेची पातळ पत्ती. अस्वल डोक्यावर उलटे केले की वजन सरकून भाता हवा भरून घेतो आणि सरळ केले की तीच हवा पत्तीतून बाहेर पडते व अस्वल गुरगुरते. भात्याचे कातडे कुजून गेले होते. सुनेने नवे बसवले, पत्तीचे भोक बोटाने दाबून डबी उलटसुलट केली. वजन जागचे हलले नाही, म्हणजे हवा कुठून निसटत नव्हती. इथवर खात्री होती. पण पत्ती? ती अजून बोलते की नाही, हे ठरवायला ती बोलायलाच हवी होती.

"आणि नाहीच बोललं तर?" सुनेने विचारले.

"तर त्यांच्यादेखत मान खाली घालायची आणि परत घेऊन यायचं. नीघ आता. त्या माणसाकडे फार वेळ नाहीये."

ते खरेच होते. अस्वल घेऊन आलेल्या वृद्ध बाईंनी सांगितले होते की त्यांच्या धाकट्या भावाचे कान दिवसेंदिवस जात आहेत. पाखरे गेली, दाराची घंटा गेली, आता बहिणीचे बोलणेही पुसट झाले. जाड, खर्जातले आवाज तेवढे उरले होते आणि तेही फार दिवस टिकणार नाहीत, असे डॉक्टर म्हणाले होते. लहानपणी दोघांत मिळून हे एकच अस्वल होते. "मरायच्या आधी नाही म्हणत मी," बाई म्हणाल्या होत्या, "बहिरा व्हायच्या आधी एकदा ऐकू दे त्याला."

सून अस्वलाला छातीशी ताठ उभे धरून निघाली. काठोकाठ भरलेले भांडे न्यावे तशी ती चालत होती. हसू मात्र आवरत नव्हते. कोपऱ्यावर एक रंगारी खांद्यावर शिडी घेऊन अचानक वळला. शिडीचे टोक तिच्या कपाळाच्या रोखाने आले, ती झटकन खाली वाकली, आणि अस्वल तिच्या हातांत डोक्यावर पालथे झाले.

अस्वलाच्या पोटात काहीतरी सर्रकन सरकले.

"लागलं का हो, ताई?" रंगारी घाबरून म्हणाला.

"हलू नका!" ती ओरडली, आणि स्वतःच पुतळ्यासारखी थिजली. भाता भरला होता. भर रस्त्यात! आता याला सरळ केले की संपले.

मग उरलेली सगळी वाट अस्वल पाय वर आणि डोके खाली अशा अवस्थेत गेले. लोक वळून वळून पाहत होते. आईचे बोट धरून चाललेल्या एका चिमुरडीने तिला चांगलेच फैलावर घेतले. "ए, त्याला चक्कर येईल ना!"

"येऊ दे, बाळा. त्याच्या पोटात आवाज आहे. सांडेल."

मुलीने आईकडे असे पाहिले, जणू मोठ्या माणसांचे काही खरे नाही.

तीन जिने चढून तिने कोपरानेच दार ठोठावले. दार उघडणाऱ्या बाईंचे डोळे विस्फारले. "अगं बाई, उलटं का धरलंयस?"

सुनेने धापा टाकत सगळे सांगितले.

"म्हणजे आता नुसतं सरळ केलं की..." बाईंनी वाक्य अर्धेच सोडले आणि जवळजवळ धावतच त्या आतल्या खोलीत गेल्या. आरामखुर्चीत बसलेल्या भावाच्या डाव्या कानाशी वाकून त्यांनी खच्चून सांगितले, "आलं रे! अस्वल आलं!"

"ओरडतेस कशाला?" भाऊ त्याहून मोठ्याने ओरडले. मग त्यांना अस्वल दिसले आणि ते खुर्चीतून निम्मे उठलेच. "छाती तशीच ठेवलीये! तू सरळ कर, ताई. थोरली तू."

"तू कर. तुझ्यासाठी केलंय."

"काय?"

"तू कर म्हणते!"

"दारासारखा आवाज होता, जड दारासारखा. आता पटेल तुला."

"दार कसलं! वासरू हंबरतं तसा होता. तुला तेव्हाही धड ऐकू येत नव्हतं."

"काय म्हणालीस?"

"अहो, लवकर ठरवा," सून काकुळतीला आली, "हात भरून आलेत माझे."

अखेर दोघांनी मिळून धरले. भावाने डावा कान अस्वलाच्या पाठीला टेकवला, डोळे मिटले. बहिणीने दोन्ही पायांना धरले. अस्वल हळूहळू सरळ झाले.

काहीच नाही.

सुनेने अस्वलाच्या पोटाकडे टक लावून पाहिले. वजन सरकत नव्हते का? पत्ती चिकटली? मान खाली घालायची, हे तिला आठवले. पण मान खाली जाईना. तेवढ्यात अस्वलाच्या आत काहीतरी खरखरले, घसा साफ केल्यासारखे, आणि मग आवाज आला. जाडजूड, रुसलेला, लांबत जाणारा, शेवटी किंचित वर उचललेला.

भावाने डोळे उघडले नाहीत. त्यांचा चेहरा कानापासून हनुवटीपर्यंत हळूहळू उमलत गेला. "दार," ते म्हणाले. या वेळी ते ओरडले नाहीत. स्वतःचा आवाज ऐकण्याची त्यांना गरजच वाटली नसावी.

"वासरू!" बहीण रडता रडता हसली.

"परत कर. परत!"

सून जिना उतरत होती तेव्हाही वरून गुरगुर ऐकू येत होती, आणि दर गुरगुरीनंतर तेच भांडण. शेवटच्या चार पायऱ्या तिने उडी मारूनच ओलांडल्या.

दुकानाचे दार ढकलून ती आत आली तेव्हा सासूबाई त्याच खुर्चीत, पण अगदी कडेला येऊन बसल्या होत्या.

"बोललं?"

सुनेने खांद्यावरची पिशवी उतरवली नाही. दुकानाच्या मध्यभागी उभे राहून तिने दीर्घ श्वास घेतला, घसा खरखरवला, आणि तो आवाज काढला.

सासूबाईंनी प्लास्टरमधला हात महत्प्रयासाने कानामागे नेला.

"शेवट नीट नाही कळला," त्या म्हणाल्या. "परत."