पहिल्या पानावरची ओळ

बाबा गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवसाचं कुराणपठण आटोपलं, पाहुणे गेले, तेव्हा लमजदकाकांनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. नारिंगफुलांच्या पाण्याची कॉफी त्यांनी तशीच निवू दिली.

वेबसाइट बांधायचं ‘नौरस’ हे फ्रेमवर्क, म्हणजे तयार कोडचा सांगाडा, बाबांनी सफाक्स शहरातल्या याच घरात बसून लिहिलं आणि सगळ्यांना खुलं करून टाकलं. काका त्यांचे कामातले जोडीदार; कोड बाबांचा, बाकी व्यवहार काकांचा. आता नवी आवृत्ती काढली नाही, तर उरलेसुरले लोकही नौरस सोडणार होते. बड्या कंपन्यांच्या फ्रेमवर्कपुढे आपलं कुणी का घ्यावं, हे नौरसच्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर एका ओळीत सांगायचं होतं.

“वेगवान आहे असं लिही, ओल्फा.”

“त्यांची जास्त वेगवान आहेत, काका.”

“मग हलकं?”

“तीही हलकी झालीत आता.”

“फुकट तर आहे!”

“तीही फुकटच आहेत.”

“सफाक्सवाला फुकट सल्लासुद्धा देत नाही म्हणतात. तुझा बाप गावाची अब्रू घालवून गेला बघ.”

मला हसू आलं. मग ते थांबवणं अवघड गेलं.

पानावर अजून बाबांचीच ओळ होती: ‘अडलात तर विचारा. उत्तर मिळेल.’ आणि मिळायचं. औषधाच्या गुंगीतून उठून ते दूरच्या नुआकशोत शहरातल्या कुठल्याशा विद्यार्थ्याला उत्तर लिहीत. नौरस पुरणार नसेल तर सरळ सांगत, “बाळा, तुझं काम मोठं आहे. त्यांचं घे.”

“हीच ठेवू,” काका म्हणाले. “यात आपल्याला कुणी हरवलेलं नाही.”

“उत्तर कोण देणार?”

त्यांनी चष्मा काढला. “मी देईन थोडं.”

“येईल तुम्हाला?”

“नाही गं पोरी.”

प्रश्न साठले होते. सगळ्यांत वरचा बाबांना आदराने हाक मारून सुरू होत होता: ‘सी नासर, तब्येत कशी आहे? घाई नाही.’

पुढचा, त्याच्या कामाबद्दलचा प्रश्न मला कळला, उत्तर येईना. बाबा गेले, एवढं कळवलं. आणि त्या कामाला कोणतं मोठं फ्रेमवर्क चालेल, तेही.

मग पहिल्या पानावर आले. बाबांची ओळ पुसली आणि तिथे लिहिलं: ‘नव्याने सुरुवात करत असाल, तर मोठ्यांपैकी एखादं घ्या.’

काका वाकून वाचत राहिले. “असं कुणी आपल्याच दुकानावर लिहितं?”

“बाबांनी लिहिलं असतं.”

त्यांनी निवलेली कॉफी घोटभर घेतली, आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. “चढव साइटवर.”