अम्मीचं पान

झेबाने मुक्त ज्ञानकोशातल्या आईच्या नावाच्या पानावर ‘पान काढा’ची सूचना लावली आणि खाली कारण लिहिलं : ‘स्वतंत्र छापील संदर्भ नाहीत. मजकूर जाहिरातीचा आहे.’ क्षणभर थांबून तिने आणखी एक ओळ जोडली : ‘लेखाचा विषय माझी आई आहे आणि लेख लिहिणारा माझा भाऊ. निर्णय इतर सदस्यांनी घ्यावा.’ मग पान जतन करून ती कुकर उतरवायला उठली.

कामोठ्यातल्या एका क्लासमध्ये ती दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवायची. दुपारच्या मोकळ्या वेळात इंटरनेटवरच्या त्या मुक्त ज्ञानकोशावर बसून नव्या पानांची छाननी करायची. या कामाचे कोणी पैसे देत नसे, आभारही क्वचितच. उलट नगरसेवक व्हायला निघालेले तरुण, स्वतःच स्वतःला ‘सुप्रसिद्ध’ म्हणवणारे वास्तुतज्ज्ञ, पुरस्कार विकत घेतलेले डॉक्टर असे पुष्कळ जण तिच्यावर दात धरून होते. प्रत्येकाला ती एकच सांगायची : माणसाने स्वतःबद्दल सांगितलेलं चालत नाही, त्याच्या घरच्यांनी सांगितलेलंही नाही. तिऱ्हाइताने कुठेतरी छापलेलं दाखवा. आता आईपुरता नियम वाकवला असता, तर त्या सगळ्यांना तिने कोणत्या तोंडाने उत्तर दिलं असतं?

अदीबने ते पान प्रेमाने लिहिलं होतं, यात शंका नव्हती. पण ‘थोर समाजसेविका’पासून सुरू झालेला लेख शेवटी त्याच्या ‘नूर कलेक्शन’ या नवरीच्या पोशाखांच्या दुकानावर येऊन थांबत होता. दुसरी शाखा लवकरच उघडणार, हेही त्यात होतं. संदर्भ म्हणून जोडली होती ती त्याच दुकानाची वेबसाइट.

आठवड्याभरात पानं काढण्याचा अधिकार असलेल्या कुठल्याशा गावच्या प्रचालकाने पान काढून टाकलं. त्याच संध्याकाळी अदीब आला. चपला न काढता दारातच उभा राहिला.

“नव्या दुकानाच्या बोर्डावर छापून घेतलंय मी, अम्मीची ज्ञानकोशात नोंद आहे असं. उद्घाटनाला आलेले लोक मोबाइलवर शोधतील. काय दिसेल त्यांना?”

“काही नाही दिसणार.”

“परक्याने काढलं असतं तर गोष्ट वेगळी होती, झेबा. तू?”

“घरातलं आहे म्हणूनच आक्षेप सगळ्यांआधी मी घ्यायला हवा होता, भाई.”

“अम्मीने काय केलं, ते तुला ठाऊक नाही?”

“मला ठाऊक असून काय उपयोग? कुठे छापलंय ते दाखव.”

“आई आहे ती आपली,” तो म्हणाला. “विज्ञानाचा धडा नाही.”

आतल्या खोलीत त्यांची अम्मी, नूरुन्निसा, मेथी निवडत बसली होती. तिथूनच तिने हाक मारली, “काय लिहिलं होतं ते तरी वाचून दाखवा मला. माझंच पान आणि मलाच ठाऊक नाही.”

अदीबच्या मोबाइलमध्ये लेख होता. चपला काढून तो आईसमोर बसला आणि वाचू लागला. “‘पतीच्या निधनानंतर न डगमगता त्यांनी मोहल्ल्यातला पहिला शिवणवर्ग एकटीच्या बळावर उभा केला...’”

“थांब,” अम्मी म्हणाली. “तुझे अब्बा तेव्हा कुवेतला होते, धडधाकट. आणि एकटीने कुठे? गोदू कुठे गेली?”

बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिलं.

“कोण गोदू?” झेबाने विचारलं.

“मीठवाली गोदू. मिठागरावरून पाटी घेऊन यायची. तुम्ही लहान होता.” अम्मीने मेथीची जुडी बाजूला ठेवली. “मशीन तिचं. खाऱ्या हवेने गंजून चाललंय म्हणून आपल्या ओटीवर आणून ठेवलं तिने. पहिली शिकायला बसली तीही तीच. तुमच्या दादीला घरात असलं काही नको होतं. गोदू तिच्याशी भांडली माझ्यासाठी. नाहीतर त्या बाईने मला सुई धरू दिली नसती.” मेथी पुन्हा हातात घेत ती म्हणाली, “गेलं ते पान, बरं झालं. खोटं होतं.”

अब्बांच्या पश्चात, एकटीने, हे सगळं झेबालाही खरंच वाटत आलं होतं. तिची तक्रार होती ती फक्त ते कुठे छापलेलं नाही एवढ्यापुरतीच.

“मला गोदूकडे घेऊन चल,” अम्मी अदीबला म्हणाली.

बाजारातल्या मिठाच्या जुन्या दुकानदाराकडून पत्ता मिळाला. गोदू आता मुलाकडे, रोडपालीला राहत होती. रविवारी अदीबने गाडी काढली. वाटेत तो झेबाशी एक शब्द बोलला नाही. मात्र तिच्या बाजूची काच उघडत नव्हती, ती हात लांब करून त्याने उघडून दिली.

इमारतीला लिफ्ट होती, तरी अम्मी सोबतीला झेबाचा हात धरूनच वर गेली. गोदूने दार उघडलं, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, “नूर! अगं बया, किती वाळलीस!”

बराच वेळ दोघी नुसत्या एकमेकींचे हात दाबत बसल्या. सुनेने चहा आणला. शिवणवर्गाच्या गोष्टीत तिचंही नाव हवं म्हणून अम्मी आली आहे, हे कळलं तेव्हा गोदू खळखळून हसली.

“माजं कसलं नाव? मी काजं-बटनं करायची. कलास हिचाच.”

“मशीन तुझं होतं,” अम्मी म्हणाली.

“असंल. मला कुठं चालवता येत होतं? त्याच्यावर आमी हंडा ठेवायचो.” मग ती झेबाकडे वळली. “तू काय करतेस गं?”

“लोकांनी लिहिलेलं तपासते.”

“खरं हाय का खोटं, ते?”

“नाही. कुठे छापलंय का, ते.”

“बरं हाय,” गोदू म्हणाली. बशीत चहा ओतून तिने फुंकर घातली.

अम्मी पुढे सरकली. “पण सासूबाईंशी भांडलीस ते तरी कबूल कर. मुलांना सांगितलंय मी.”

गोदूने बशी खाली ठेवली.

“मी कुठं भांडले?”

“मग मशीन ओटीवर आलं कसं?”

“तिनंच तर बोलावलं मला. म्हनाली, गोदू, सून रातीची रडते, मला ऐकू येतं. तिच्या हाताला काय तरी काम लाव. तुजं ते मशीन आन. मी वरवर नको म्हनीन, तू ऐकू नको. कुवेतला कळलं तर मुलगा मला बोलंल, तुला नाय बोलनार.”

अदीबने मान खाली घातली होती. झेबाने अम्मीकडे पाहिलं. अम्मीने कपातला चहा संपवला होता, तरी ती कप ओठांना लावून बसली होती.

“माझ्याशी ती मरेपर्यंत धड बोलली नाही,” अखेर ती म्हणाली. “मीही नाही बोलले.”

“ते म्हाईत हाय मला.”

“मग तू सांगितलं का नाहीस?”

“सांगू नको म्हनाली होती. आनि नंतर कोनी इचारलंच नाय.”

अम्मीने कप खाली ठेवला आणि ओढणीने हात पुसले, एकदा, मग पुन्हा. अदीब हळूच झेबाच्या कानाशी झुकला. “हे लिहिता येईल?”

झेबाने मान हलवली. नाही.

या वेळी तो रागावला नाही. त्याने आपली खुर्ची उचलून आईच्या जवळ नेली, आणि झेबाही जाऊन तिच्या पायाशी जमिनीवर बसली.

“पुन्हा सांग, गोदू,” अम्मी म्हणाली. “ती काय म्हणाली ते. तिच्याच शब्दांत.”