दुसऱ्या बापाचा हात

हैदराबादच्या पोलीस ॲक्शनला पाच वर्षं होऊन गेली, तरी वैजनाथ मास्तरांच्या मनातली धग काही विझली नव्हती. गंगापूरकडच्या त्यांच्या गावात निजामाच्या रझाकारांनी थोरल्या भावाला, बद्रीनाथला, घरातून ओढून नेऊन मारलं होतं. तेव्हापासून त्यांच्याच औरंगाबादच्या शाळेतले भूगोलाचे शिक्षक सिराजुद्दीन समोर आले, की मास्तर तोंड फिरवत.

त्या वर्षी गॅदरिंगसाठी हेडमास्तर व्यंकटरावांनी शिक्षकांचं नाटक बसवायला घेतलं. मराठीत आणलेली एक जुनी परदेशी शोकांतिका. दोन घराण्यांचं हाडवैर, त्यापायी दोन्हीकडची पोरं जिवानिशी जातात, आणि शेवटी दोघे बाप त्यांच्या प्रेतांपाशी एकमेकांचा हात धरतात. एक बाप वैजनाथ मास्तर, दुसरा सिराजुद्दीन.

वैराचे प्रवेश मास्तरांना पहिल्या दिवसापासून जमले. व्यंकटराव तर खूश होते. शेवटच्या प्रवेशाला मात्र मास्तर हात मागं बांधून उभे राहत.

"हात नाटकाच्या दिवशी धरीन. आत्ता राहू द्या."

सिराजुद्दीन मराठी संवाद उर्दू लिपीत उतरवून चोख पाठ करून येत. पण एका तालमीत ते मधेच अडखळले. वाक्य होतं, 'तुझं घर पेटवायला निघालो, अन् माझंच लेकरू जळालं.'

"पाठ झालं नाही वाटतं?" मास्तर खोचकपणे म्हणाले.

"पाठ है, मास्तरसाब." सिराजुद्दीननी मान खाली घातली. "माझा धाकटा भाऊ, रहीम, मामूच्या गावी होता. शिवणकाम करायचा. ॲक्शन झाल्यावर लोक घरं पेटवत चालून आले. मय्यतसुद्धा हाती लागली नाही."

मास्तरांनी विचारलं, "पाच वर्षांत कधी बोलला नाहीत?"

"तुमचे भाऊ गेले होते. तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगणार?"

घरी आल्यावर मास्तरांनी आईला, मनकर्णाबाईंना, सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता त्यांचे हात थांबले. "माझ्या बद्रीएवढाच आसंल का रं त्यो?" एवढंच त्या बोलल्या.

नाटकाच्या संध्याकाळी मैदान गच्च भरलं होतं. शेवटच्या प्रवेशात सिराजुद्दीननी हात पुढं केला. मास्तरांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि त्यांना रडू कोसळलं. पुढचं वाक्य ते विसरले. सिराजुद्दीननी ते हळूच सांगितलं. पडदा पडला, तरी हात सुटला नव्हता.

तेवढ्यात मनकर्णाबाई लोकांतून वाट काढत पडद्यामागं आल्या. रंग लावलेल्या सिराजुद्दीनच्या गालावरून त्यांनी हात फिरवला.

"लेकरा, तुही माय हाय का?"

"है, अम्मा."

"मला तिच्याकडं घिऊन चल."

रविवारी सिराजुद्दीनच्या शहागंजातल्या घरात दोघी म्हाताऱ्या पलंगावर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. एक बद्रीचं सांगत होती, दुसरी रहीमचं. एकीची मराठी, दुसरीची दख्खनी, पण कुणाचं काही अडलं नाही. मधेच रहीमच्या कुठल्याशा खोडीवर दोघी हसल्यासुद्धा. बद्रीनाथ गेल्यापासून आईला हसताना मास्तर पहिल्यांदाच बघत होते.

ते ओट्यावर आले. सिराजुद्दीन मागोमाग आले.

"त्या दिवशी तुम्ही बोललात म्हणून, नाहीतर मी असाच जळत मेलो असतो," मास्तर म्हणाले. "लई उपकार झाले तुमचे."

"उपकार कसले, मास्तरसाब? चला आत, चहा निवतोय."